बत्तीस इंची दरवाजा

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, आठ वर्षांचा लेक आणि सासूबाई, अलास्काच्या क्रूझला जाऊन आलो. तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणी ना कुणी मला कोपऱ्यात गाठतं आणि हळूच विचारतं, "व्हीलचेअर घेऊन? जमलं कसं गं?" आवाज एवढा खाली का येतो, मला कळत नाही. पण विचारणाऱ्यांच्या घरी आई-वडील आहेत किंवा सहा महिन्यांसाठी यायचे आहेत आणि त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, हे मात्र कळतं. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते आहे.

आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) मिरजेच्या पोस्टात तीस वर्षं काउंटरवर होत्या. संधिवात जुनाच. तीन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पायांत पूर्वीचं बळ आलं नाही. कशाला तरी धरून उभ्या राहतात, दोन-तीन पावलं टाकतात; बाकी सगळं खुर्चीतून. बाबा गेल्यावर त्या कायमच्या आमच्याकडे, सिॲटलजवळ राहायला आल्या. कुठेही जायचं निघालं की त्यांचं वाक्य ठरलेलं: "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते." घरात सांभाळण्यासारखं आहे काय, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "मी आहे ना!"

क्रूझ सुचली ती सोयीतून. बोटी आपल्या दाराशीच, पिअर ९१ वरून सुटतात. विमान नको, रोज हॉटेल बदलणं नको, एकदा बॅग उघडली की सात दिवस बंद करायला नको. आई दोन आठवडे नाही म्हणत होत्या. मग एके दिवशी नातवाने त्यांना हिमनदीचे फोटो दाखवले आणि त्यांनी विचारलं, "दरवाजा केवढा असतो त्या खोलीचा?" पोस्टातली बाई. आधी माप, मग बोलणं.

तर मापापासूनच सुरुवात करते. बोटीवरच्या साध्या केबिनचा दरवाजा बहुधा बावीस-तेवीस इंचांचा असतो. आईंची खुर्ची पंचवीस इंचांची. म्हणजे 'आत गेल्यावर बघू' हा आपला लाडका मार्ग इथे बंद. व्हीलचेअरसाठी बांधलेल्या वेगळ्या केबिन असतात. त्यांचा दरवाजा निदान बत्तीस इंच मोकळा, आत खुर्ची गोल फिरवायला पाच फूट जागा, बाथरूमला उंबरठा नाही, बाल्कनीकडे जायला छोटा उतार. अशा केबिन प्रत्येक बोटीवर मोजक्या असतात आणि सगळ्यांत आधी संपतात. आम्ही दहा महिने आधी फोन केला, तेव्हा आम्हाला हवी तशी एकच उरली होती. फोनच करावा. वेबसाइटवरचं खुर्चीचं निळं चित्र कधी बहिऱ्यांसाठी सोय असलेल्या खोलीलाही लावलेलं असतं. 'रोल-इन शॉवर आहे का?' हा प्रश्न शब्दशः विचारावा. आंघोळीची खुर्ची, कमोडची वाढीव उंची वगैरे जे लागेल ते त्यांच्या फॉर्मवर आधीच लिहून द्यावं. आणि कर्मचारी चढता-उतरताना खुर्चीला हात लावतात, पण रोजची शुश्रूषा करत नाहीत, हेही मनात पक्कं असू द्यावं.

या सोयी उपकार म्हणून मिळत नाहीत. अमेरिकेचा अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९० चा. बोटी बहुतेक बहामा किंवा पनामाच्या झेंड्याखाली चालतात, म्हणून हा कायदा आपल्याला लागू नाही, असा कंपन्यांचा दावा होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि अमेरिकी पाण्यात असलेल्या परदेशी बोटींनाही तो सर्वसाधारणपणे लागू होतो, असा निकाल २००५ साली लागला. आईंना हे सांगितल्यावर त्यांच्या नकाराची धार जरा कमी झाली. दयेपेक्षा नियमावर त्यांचा जास्त विश्वास.

ज्यांचे आई-वडील व्हिजिटर व्हिसावर येतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट. परदेशी बोटीने प्रवासी फक्त अमेरिकेच्याच बंदरांतून फिरवू नयेत, असा १८८६ चा जुना कायदा आहे. त्यामुळे सिॲटलहून निघणारी बोट परत येण्याआधी कॅनडाच्या व्हिक्टोरियाला काही तास थांबते. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो, तुम्ही बोटीतून उतरा की नका उतरू. ग्रीन कार्ड असेल तर तो प्रश्न नाही. आणि परत येताना अमेरिकेच्या व्हिसावरही पुन्हा प्रवेशाची मुभा हवी.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला, ते. घरी आमच्याकडे टब आहे. त्याची कड मांडीपर्यंत येते. तीन वर्षं रोज सकाळी मी आईंना धरून, एकेक पाय उचलून आत घेते आणि आंघोळ घालते. त्या भिंतीकडे बघतात, मी नळाकडे बघते, आणि आम्ही भाजीबद्दल बोलतो. बोटीवर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाथरूममध्ये गेल्या. दुमडती बैठक, हाताशी शॉवर, दोन्ही बाजूंना धरायला दांडे. जमीन एकसारखी, पाणी एका कोपऱ्याकडे उतरणारं. त्यांनी सगळं एकदा हात लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "तू बाहेर थांब." मी दाराबाहेर उभी राहिले. चाळीस मिनिटं. दोनदा हाक मारली, दुसऱ्यांदा ओरडा खाल्ला. बाहेर आल्या तेव्हा केसही धुतलेले होते. तीन वर्षांत पहिल्यांदा, कुणी बघत नसताना. हे लिहू का, असं मी त्यांना विचारलं. "लिही," म्हणाल्या, "पाणी चांगलं कढत होतं, तेही लिही."

त्याच्या आदल्या दिवशी, बोट सुटण्यापूर्वी, सगळ्यांना आपत्काळाची माहिती देतात. बहुतेक लोक ती ऐकल्यासारखं करतात. आईंनी हात वर केला. "लिफ्ट बंद पडली तर मला कोण नेणार?" तिथल्या अधिकारी बाईंनी त्यांचा केबिन नंबर यादीत असल्याचं दाखवलं, मग जिन्यापाशी नेऊन जिन्यावरून उतरवायची घडीची खुर्ची दाखवली. ती कोण धरणार, हेही सांगितलं. त्या रात्री आई गाढ झोपल्या. मी नाही, पण माझं ते नेहमीचंच.

बोटीवर दारं आपोआप उघडतात, मजले सपाट, नाट्यगृहात खुर्चीसाठी जागा आणि शेजारी सोबत्याची सीट. तिसऱ्या दिवसापासून आई एकट्या हिंडायला लागल्या. जेवणाच्या हॉलमधला वेंगुर्ल्याचा एक मुलगा त्यांना 'आजी' म्हणायचा आणि मेन्यूत नसलेला वरण-भात आणून द्यायचा. गोवा-सिंधुदुर्गाची पुष्कळ मुलं या बोटींवर आहेत. एकदा दुसऱ्या वेटरने आईंकडे न बघता मला विचारलं, "शी काय घेईल?" हा अनुभव खुर्चीतल्या प्रत्येकाला येतो, जणू पाय गेले की कानही जातात. आई इंग्रजीत म्हणाल्या, "आस्क मी." वेंगुर्ल्याचा पोरगा मागे उभा राहून हसत होता.

बंदरांबद्दल पहिला प्रश्न एकच: बोट धक्क्याला लागते की बाहेर नांगर टाकून छोट्या होडीने नेतात? होडी असेल तर समुद्र कसा आहे, यावर खुर्चीचं नशीब. कॅरिबियनमधल्या ग्रँड केमनला अशी होडी लागते, म्हणून तो मार्ग आम्ही सोडला होता. अलास्कात आमची बोट सगळीकडे धक्क्याला लागली, पण तिथली भरती-ओहोटी पंधरा-वीस फुटांची. सकाळी सौम्य वाटणारा उतरण्याचा पूल दुपारी घसरगुंडी होतो. उतरायची वेळ खालच्या माणसाला विचारून ठरवावी.

जूनोची मेंडेनहॉल हिमनदी मी खास माझ्यासाठी ठेवली होती. भूगोलात एम. ए. केलं, कोल्हापूरच्या शाळेत सातवी-आठवीला हिमनदी शिकवली, यू आकाराची दरी फळ्यावर किती वेळा काढली असेन, पण पाहिली नव्हती. १९६२ साली बांधलेल्या माहिती केंद्रापासून फोटो पॉइंटपर्यंत पक्की, सपाट वाट आहे. केंद्र बांधलं तेव्हापासून हिमनदी खूप मागे सरकली आहे, आता मध्ये तळं आहे. आईंनी अंतर डोळ्यांनी मोजलं आणि "एवढं सगळं पाणी झालं?" एवढंच म्हणाल्या.

स्कॅगवेची व्हाइट पासची रेल्वे मात्र चुकवू नका. क्लोंडाइकच्या सोन्यामागे धावलेल्यांसाठी १८९८ ला काम सुरू झालं, १९०० ला पुरं झालं. वीस मैलांत जवळजवळ तीन हजार फूट चढ. रूळ तीन फूट रुंद, आपल्या माथेरानच्या गाडीचे दोन फूट. खुर्चीची लिफ्ट असलेला डबा मिळतो, पण आधी सांगून ठेवावं लागतं. आई खिडकीशी बसल्या. खालच्या दरीत त्या वाटेवर सुमारे तीन हजार घोडे मेले, असं सांगितल्यावर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत.

ग्लेशियर बेमध्ये दिवसाला दोनच क्रूझ बोटींना परवानगी असते आणि पार्कचे रेंजर बोटीवर चढून माहिती देतात. आम्ही आईंना घेऊन वरच्या डेकवर गेलो. खुर्चीत बसलेल्या माणसाची नजर कठड्याच्या लाकडी दांड्याच्या रेषेत येते, आणि समोर माणसांच्या पाठी. पाच मिनिटांत आई म्हणाल्या, "मला खोलीत सोडा, बाल्कनीला काच आहे. आणि तुम्ही वर जा." मी थांबते म्हटलं. "नको. मला एकटीला बघायचंय." बोट मार्जरी हिमनदीसमोर सावकाश पूर्ण वळली, म्हणजे दोन्ही बाजूंना दिसतं. बर्फाचा कडा कोसळताना आधी दिसतो, आवाज नंतर येतो. खाली गेल्यावर विचारलं, काय काय दिसलं? "दिसलं," म्हणाल्या. आजवर त्याहून जास्त काही सांगितलेलं नाही.

केचिकनला मात्र रागाचा प्रसंग आला. लिफ्टची बस म्हणून पैसे भरलेली सहल, बसची लिफ्ट बंद. दोन धट्टेकट्टे पुरुष पुढे आले, आम्ही उचलून बसवतो म्हणाले. हेतू चांगला होता. आई म्हणाल्या, "मी पोतं नाही." नवऱ्याने समजावायला सुरुवात केली, तेव्हा मी त्याला गप्प केलं. बस गेली. पैसे परत मिळाले, पण त्यासाठी काउंटरवर दोनदा भांडावं लागलं. या गावात वर्षाला साधारण दीडशे इंच पाऊस, महाबळेश्वरपेक्षा कमी, पण बारा महिने. त्यात भिजत आम्ही क्रीक स्ट्रीटच्या लाकडी फळ्यांवरून गेलो. फळ्यांमध्ये पुढची छोटी चाकं अडकतात, तिथे खुर्ची उलटी, मागे ओढत न्यावी. पुलाखाली सामन मासे प्रवाहाविरुद्ध गर्दी करून उभे होते. आईंनी छत्री नातवाकडे दिली आणि अर्धा तास तिथेच थांबल्या.

शेवटच्या दिवशी मी बॅगा भरत होते, तर आईंनी लेकाला हाताशी धरून बाथरूमची मापं घेतली. बैठकीची उंची, दांड्यांमधलं अंतर, दाराची रुंदी. बोटीवर रोज येणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागे सगळं नीट आकड्यांत लिहिलं. सप्टेंबरमध्ये कंत्राटदार आला, तेव्हा तोच कागद त्यांनी त्याच्या हातात दिला. टब गेला आहे, फरशी झाली आहे, दांडे लागायचे आहेत. नरक चतुर्दशीपर्यंत होईल, असं तो म्हणतो. पाठीला उटणं लावायला मी आत यायचं की नाही, यावर आमची अजून बोलणी चालू आहेत.