टाकी, पंप आणि नळ



व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, राजकारण यांवर बोलणारे विद्वान येतात. मी पाण्याच्या टाकीवर बोलणार आहे. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे फिटरच्या पान्याने आणि वाचनालयाच्या पुस्तकांनी केले. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामगार संघटनेचे काम करताना पगाराच्या खालोखाल माझ्या दारात कोणती तक्रार आली असेल, तर ती पाण्याची. म्हणून हा विषय.

सुरुवात चाकांवरच्या घरापासून करतो. महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यानंतर मनोरजवळ महामार्गावर असे एक वाहन थांबलेले मला दिसले. आत झोपण्याची जागा, शेगडी, मोरी, सारे काही. मालक बिचारे हैराण होते. सगळे नळ बंद असूनही पंप मधूनच गुरगुरे आणि थांबे.

आता हे का होते ते पाहा. अशा गाडीतला पंप दाबावर चालतो. नळ उघडला की नळीतला दाब उतरतो आणि पंप सुरू होतो. नळ बंद केला की दाब चढतो आणि पंप थांबतो. म्हणजे नळ बंद असताना पंप सुरू होत असेल, तर दाब कोठेतरी उतरतो आहे. कारणे दोनच. एक तर बाहेर गळती आहे, किंवा पंपातली एकमार्गी झडप पाणी मागे टाकीत सोडते आहे. आम्ही प्रत्येक सांध्याखाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद ठेवला. दहा मिनिटांत मोरीमागचा कागद ओला झाला. सांधा आवळला आणि पंप गप्प बसला.

बोईसरच्या चाळीतली पाण्याची व्यवस्था या गाडीची थोरली बहीणच आहे. टाकी, पंप, नळी, नळ आणि सांडपाण्याची वाट, एवढेच तिचे अवयव. फरक इतकाच की चाळीत टाकी गच्चीवर असते आणि दाब उंचीमुळे येतो. दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा दाब. टाकी डोक्यावर तीनच मीटर असेल, तर तिसरा हिस्साही मिळत नाही. वरच्या मजल्यावर नळाची धार बारीक आली, तर खालच्या बिऱ्हाडाशी भांडण्यापूर्वी टाकीची उंची मोजावी.

चाळीत पंप गुरगुरत नाही, म्हणून गळती गुपचूप होते. सकाळी टाकी रिकामी दिसते आणि शेजारी शेजाऱ्यावर संशय घेतो. त्यावर उपाय खडूचा. रात्री अकराला सर्व नळ बंद करून टाकीत पाण्याच्या पातळीवर खूण करा. पहाटे पातळी उतरली असेल, तर दुसऱ्या रात्री टाकीचा खालचा व्हॉल्व्हही बंद करा. तरीही उतरली, तर टाकीच फुटकी आहे. न उतरली, तर दोष खालच्या नळीत आहे. असे अर्धे अर्धे वगळत गेले की दुखणे सापडते. ठिबकणारा नळही क्षुल्लक समजू नका. त्याखाली लिटरची बाटली ठेवा. ती तासाभरात भरली, तर दिवसाचे 24 आणि महिन्याचे 720 लिटर वाया गेले.

पंप फिरतो पण पाणी चढत नाही, ही दुसरी नेहमीची तक्रार. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. खरे म्हणजे बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. तिची ताकद पुस्तकात सुमारे दहा मीटरची, व्यवहारात सातआठ मीटरची. म्हणून आधी नळीत पाणी भरून पाहा. भरलेले पाणी खाली उतरत असेल, तर तळाच्या फुटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला आहे. ते टिकत असेल, पण पंप सुरू होताच धार तुटत असेल, तर ओढीच्या नळीत कोठेतरी हवा शिरते आहे. पंप मात्र कोरडा चालवू नका. आतले सील जळते.

आता टाकीच्या स्वच्छतेकडे येतो. गाळ काढून, घासून, धुऊन टाकी पुन्हा भरावी. हजार लिटरला सुमारे 200 ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी टाकीत ओतावे. प्रत्येक नळ वास येईपर्यंत सोडून बंद करावा. 24 तासांनी सारे पाणी सोडून टाकी धुवावी. हे पाणी पिऊ नये, आणि संडास धुण्याच्या ॲसिडशी ही पावडर कधीही मिसळू नये. विषारी वायू निघतो. रोजच्या पिण्याच्या पाण्याला हजार लिटरला अडीच ग्रॅम आणि अर्धा तास, एवढे पुरे.

पण एक गोष्ट आपणांस स्पष्ट सांगतो. ही पावडर जंतू मारते, रसायन मारीत नाही. उकळल्यानेही रसायन जात नाही. आपण कारखान्यांच्या शेजारी राहतो. बोअरच्या पाण्याचा रंग किंवा वास बदलला, तर ते पिणे थांबवून तपासणीला पाठवा आणि तोवर दुसऱ्या पाण्याची मागणी सर्वांनी मिळून करा. एकट्याची तक्रार फायलीत पडून राहते. साऱ्या चाळीच्या सह्या असल्या की उत्तर द्यावे लागते.

शेवटची गोष्ट जिवाची आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका चाळीत जमिनीखालची टाकी साफ करायला एक तरुण उतरला. झाकण महिनोन् महिने बंद होते. दोन मिनिटांत तो खाली कोसळला. त्याचा भाऊ उडी घेणार, तोच एका म्हाताऱ्या बॉयलरवाल्याने त्याची गचांडी धरली. "थांब, नाहीतर दोन प्रेते काढावी लागतील," एवढेच तो म्हणाला. नशिबाने तरुणाच्या कमरेला दोर होता. आम्ही चौघांनी त्याला वर ओढला आणि तो वाचला. तो दोरही त्या म्हाताऱ्यानेच हट्टाने बांधायला लावला होता.

हवेत प्राणवायू शेकडा 21 असतो. बंद टाकीत कुजणारा गाळ आणि गंजणारे लोखंड तो खातात, आणि डोळ्यांना काही दिसत नाही. तेलावरचा पंप आत चालवला, तर धुराचे विष वेगळेच. म्हणून झाकणे आधी पुरेशी उघडी ठेवा, आत हवा खेळवा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधा आणि दोराचे टोक धरून माणूस बाहेर उभा ठेवा. खालचा कोसळला, तर कोणीही मागोमाग उतरू नये.

1948 च्या कारखाना अधिनियमात 36 व्या कलमाने विषारी वायूच्या टाकीत उतरण्यापूर्वी लेखी दाखला, किंवा श्वसनाचे साधन आणि दोराचा पट्टा, बंधनकारक केला होता. तो कायदा आता 2020 च्या संहितेत सामावला आहे. कायदा कारखान्याच्या फाटकापर्यंत येतो. चाळीच्या टाकीपर्यंत येत नाही. जो कामगार कारखान्यात पट्ट्याशिवाय उतरायला नकार देतो, तोच रविवारी घरच्या टाकीत उघड्या अंगाने उतरतो. तेथे दोर धरायला आपणच उभे राहिले पाहिजे.

म्हणून आज घरी गेल्यावर एवढे करा. चाळीच्या भिंतीवर एक पाटी लावा. टाकी केव्हा धुतली, व्हॉल्व्ह केव्हा पाहिले, पुढची पाळी कोणत्या बिऱ्हाडाची, हे तिच्यावर लिहा. आणि पाटीशेजारी खिळ्याला एक मजबूत दोर टांगून ठेवा.