मोरोनीचा शिंपी

प्रबोधनकाळातल्या व्यक्तिचित्रांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात पोप, ड्यूक आणि मेदिची घराणं असणार. मी मात्र एका शिंप्यापाशीच थांबलो. जोव्हान्नी बात्तिस्ता मोरोनीने १५६५ ते १५७०च्या सुमारास रंगवलेलं हे मीटरभर उंचीचं तैलचित्र १८६२पासून लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मोरोनी बेर्गामोजवळच्या आल्बिनोचा. त्याची बरीचशी गिऱ्हाइकं त्याच मुलखातली, खानदानी.

शिंपी टेबलाशी उभा आहे. हातात कात्री, समोर काळं कापड, त्यावर पांढऱ्या खडूने आखलेल्या रेघा. बेतून झालंय, आता कापायचं. तेवढ्यात मान किंचित वळवून त्याने आपल्याकडे पाहिलंय. ही नजर अंदाजाने माप घेणाऱ्याची आहे. तिच्यात आर्जव नाही. अंगात बदामी डगला, खाली फुगीर लाल चोळणा, बोटात अंगठी.

त्या काळ्या कापडावर नजर ठेवा. मोरोनीची कितीतरी बडी गिऱ्हाइकं काळ्या पोशाखातच चितारली आहेत. दरबारी माणसाला काळा रंग शोभतो, असं दरबारी शिष्टाचारावर लिहिणाऱ्या कास्तिल्योनेने १५२८ सालीच लिहून ठेवलं होतं. गडद, टिकाऊ काळा चढवायला मायफळ आणि लोहक्षार लागत, शिवाय आधी निळ्या रंगाचा हात. त्यामुळे तो महाग पडे. इतरांची प्रतिष्ठा बेतणारा हा माणूस स्वतः मात्र तो रंग ल्यालेला नाही. तरीही चित्रात मान आहे तो त्यालाच.

हा मान सगळ्यांना रुचणारा नव्हता. शिंपी आणि खाटीकसुद्धा चित्रांत झळकू लागले, म्हणून लेखक पिएत्रो अरेतिनोने १५४५ साली एका पत्रात आपल्या युगाला दोष दिला. अरेतिनो स्वतः जोडे शिवणाऱ्याचा मुलगा होता. वर चढून आलेल्याला खालची पायरी इतकी बोचावी, याचं मला वाईट वाटतं.

अडचण पुढेच आहे. शिंप्याच्या कमरेला तलवारीचा पट्टा दिसतो. मग हा खरंच शिंपी, की कापडाचा धनिक व्यापारी? चित्राचे पैसे कोणी मोजले? की मोबदला कपडे शिवून फेडला? पट्ट्यावरून त्याला बड्या घरचा ठरवण्याचा मोह होतो, पण मला ते पटत नाही. बड्या माणसाने मिरवायला कात्री कशाला धरली असती? मोरोनीने त्याला शिंपी म्हणूनच रंगवलं, आणि तलवारीचा पट्टा बांधण्याइतका तो सुस्थितीत होता, एवढं मानणं पुरेसं आहे.

त्याचं नाव चित्रावर कुठेही लिहिलेलं नाही.