कट कुठं पडणार

हळदीच्या पुडीवरच्या ‘ह’ला शिरोरेषाच नव्हती. त्याच माळेतल्या शेजारच्या पुडीच्या तळाशी ती सापडली. एकच रोल, एकच पातं, मग कट सरकतो कसा? हा प्रश्न मला सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत घेऊन गेला. तिथल्या एका छोट्या कारखान्यात त्याच आठवड्यात पॅकिंग मशिनला सर्वो मोटर बसायची होती.

आत पाऊल टाकताच हळद घशाशी येते. त्या वासाखाली आणखी एक वास होता, काहीतरी करपल्याचा. “क्लच तापलाय,” मशिनवरच्या मावशी म्हणाल्या. अठरा वर्षं त्या याच मशिनवर आहेत.

जुन्या मशिनमध्ये एक हॉर्सपॉवरची इंडक्शन मोटर दिवसभर फिरत असते. आपली वीज ५० हर्ट्झची, मोटर चार पोलची. हिशेबानं मिनिटाला १५०० फेरे व्हावेत, होतात १४४० च्या आसपास. फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या जरा मागे राहिला तरच रोटरमध्ये प्रवाह निर्माण होतो आणि जोर येतो. मागे राहणं हा तिचा दोष नव्हे, धर्मच आहे. पण आपण नेमके कुठं आहोत, हे तिला कळत नाही. फिल्म ओढणारा रोलर तिला जोडायचा क्लचनं, थांबवायचा ब्रेकनं. दुपारी क्लच तापला की थांबायला तीन-चार मिलिमीटर उशीर होतो आणि ‘ह’ची मान जाते.

हे सावरत होत्या मावशी, कानानं. “टक् वाजलं पायजे. जरा लांबलं की समजायचं, सरकला.” पुडी हातात यायच्या आधीच त्यांची बोटं नॉबवर गेलेली असत. अठरा वर्षं त्या मशिनचा एन्कोडर, म्हणजे शाफ्ट कुठं आहे हे सांगणारा भाग, मावशीच होत्या, असं मी मानतो. पगार मात्र मदतनिसाचा.

फिटरनं आणलेली सर्वो मोटर तांब्याएवढी, ७५० वॅटची. तिच्या पाठीला एन्कोडर. “एका फेऱ्यात एक लाख एकतीस हजार बहात्तर पावलं,” तो म्हणाला. बोल्ट आवळताना पुन्हा म्हणाला. रोलरचा घेर २५० मिलिमीटर, म्हणजे एक पाऊल मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान. शाफ्ट कुठं असायला हवा आणि कुठं आहे, यातला फरक मोटर चालवणारा ड्राइव्ह सेकंदाला हजारो वेळा तपासतो आणि तेवढाच करंट वाढवतो-घटवतो. पुडीची लांबी बदलायला आता पाना लागत नाही, स्क्रीनवर आकडा टाकला की झालं.

सगळंच सर्वोवर नेलं नाही, हे मला फार पटलं. मुख्य शाफ्ट आणि शेजारची चक्की इंडक्शनवरच राहिली. एका चालीनं फिरत राहायच्या कामाला तिच्यासारखी कणखर, स्वस्त मोटर दुसरी नाही.

चाचणीसाठी फिटरनं फिल्मवरची काळी खूण वाचणारा सेन्सर बंद ठेवला आणि नुसत्या लांबीवर मशिन सोडलं. क्लच गेला, तसा टक् आवाजही गेला. मावशी कान देऊन उभ्या होत्या. ऐकायला काही उरलंच नव्हतं. पन्नासेक पुड्यांनंतर कट बोटभर सरकला. फिटरनं स्क्रीन पाहिली: चूक शून्य. पुन्हा चालवलं, पुन्हा सरकला. “एक लाख एकतीस हजार...” तो स्वतःशीच पुटपुटला.

“बाळा, रोलर बघ की,” मावशी म्हणाल्या. रबरी रोलरवर हळदीचा पिवळा थर बसला होता. शाफ्ट अचूक फिरत होता, त्यावरून फिल्म घसरत होती, आणि एन्कोडरला दिसतो तो फक्त शाफ्ट. मावशींनी कमरेचं फडकं काढून रोलर लख्ख पुसला. पुढच्या पन्नास पुड्यांत ‘ह’ जागचा हलला नाही.

फिटरनं सेन्सर चालू केला. मग खिशातून वही काढून मावशींना विचारलं, “किती वेळानं पुसायचा?”

“दोन तासांनी. पावसाळ्यात तासाला.”

त्यानं तसंच लिहून घेतलं.