फ्रीमेसनांचीं जुनीं पुस्तकें

फ्रीमेसनांच्या लॉजला हिंदुस्थानांत एके काळीं लोक ‘जादूघर’ म्हणत. बंद दारांआड काय चालतें याविषयीं बाहेरच्यांनीं तर्क करावे, त्यांतूनच हें नांव रूढ झालें. परंतु जो संप्रदाय आपलें रहस्य कागदावर उतरवूं देत नाहीं, त्याचा इतिहास कशाच्या आधारें लिहावयाचा? या प्रश्नाचें बरेंचसें उत्तर अठराव्या शतकांतील कांहीं लहानशा, आज दुर्मिळ झालेल्या इंग्रजी पुस्तकांत सांपडतें.

त्यांत पहिला मान जेम्स अँडरसन या स्कॉटिश धर्मोपदेशकानें १७२३ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध केलेल्या ‘कॉन्स्टिट्यूशन्स’ या नियमग्रंथाचा. संप्रदायाची परंपरा त्यानें थेट आदमापर्यंत नेऊन भिडविली आहे. तो भाग आज कोणी इतिहास म्हणून वाचीत नाहीं. त्याच ग्रंथांतील धर्मविषयक कलम मात्र मोलाचें आहे. सर्व माणसांना मान्य असेल तेवढाच धर्म सभासदांवर बंधनकारक मानावा, बाकीचीं मतें ज्याचीं त्याच्यापाशीं, असें तें सांगतें. पंथभेदापायीं यादवी अनुभवलेल्या देशांत हें छापलें जावें, ही गोष्ट लहान नव्हे. १७३४ सालीं बेंजामिन फ्रँक्लिननें हाच ग्रंथ फिलाडेल्फियांत पुन्हां छापला. पुढें १८४३ सालीं मुंबईंत हिंदी सभासदांसाठीं ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हें लॉज निघालें, तेव्हां या तत्त्वाची कसोटी आपल्याकडेही लागली.

दुसरें पुस्तक घरभेद्याचें. सॅम्युएल प्रिचर्डनें १७३० सालीं ‘मेसनरी डिसेक्टेड’ या चोपड्यांत दीक्षाविधि प्रश्नोत्तररूपानें उघड केले. ग्रँड लॉजनें त्याला तोतया ठरविलें. तरी तिसऱ्या पदवीच्या विधीचें पहिलें छापील वर्णन याच चोपड्यांत आहे. तिसरें पुस्तक म्हणजे विल्यम स्मिथचें १७३५ सालचें ‘पॉकेट कंपॅनियन’. आपला मजकूर चोरला, अशी तक्रार अँडरसननें ग्रँड लॉजपुढें केली. परंतु नियम, गाणीं व लॉजांची यादी खिशांत मावेल अशा आकारांत या पुस्तकानें दिली, आणि पुढें अशा खिशांतल्या पुस्तकांची परंपराच पडली.

हीं पुस्तकें दुर्मिळ होण्याचें एक कारण त्यांच्या उपयोगांतच आहे. तीं कपाटांत जपण्यासाठीं नव्हतींच. खिशांत बाळगून, हाताळून तीं झिजलीं. स्वस्त चोपडीं तर वाचून झाल्यावर कोण जपणार?

त्यांची साक्ष मात्र पारखून घ्यावी लागते. १७१७ सालीं चार लॉजांनीं मिळून लंडनची ग्रँड लॉज स्थापिली, ही हकीकत सविस्तर प्रथम येते ती अँडरसनच्या १७३८ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत, म्हणजे एकवीस वर्षांनंतर. ग्रँड लॉजचीं उपलब्ध इतिवृत्तें तर १७२३ पासूनचीं. म्हणूनच २०१६ सालीं अँड्र्यू प्रेस्कॉट व सुसान सॉमर्स या अभ्यासकांनीं ती स्थापना वस्तुतः १७२१ मध्यें झाली असावी, असें मत मांडलें. त्यावर वाद झाला. पहिल्या आवृत्तींत ही हकीकत नाहीं, दुसरींत आहे, हें कळावयाला दोन्ही प्रती शेजारीं ठेवून पाहाव्या लागतात. एकच आवृत्ति उरली असती, तर हा प्रश्न कोणाला सुचलाही नसता.