आयटीआयच्या सरांचाही असतो कोर्स! काय आहे सीआयटीएस?

बालाघाट : आयटीआयचे राष्ट्रीय प्रमाणपत्र बालाघाटचे असो की गोंदियाचे, देशभर सारखेच चालते. पण पोराच्या हातात कसब आहे की नुसता कागद, हे बरेचसे निदेशकावर ठरते. या निदेशकांसाठी केंद्राचा एक वर्षाचा सीआयटीएस अभ्यासक्रम आहे. त्यात ट्रेडच्या कामासोबत पाठाची आखणी, प्रात्यक्षिक दाखवणे अन् मूल्यमापनही शिकवतात.

मूल्यमापन म्हणजे अंदाजे गुण देणे नव्हे. फिटरचा जॉब तपासताना माप, फिनिशिंग, सुरक्षितता, लागलेला वेळ असे वेगवेगळे गुण द्यायचे. मग चूक नेमकी कुठे झाली, ते पोराला कळते. सरसकट गुण वाटले तर निकाल चांगला दिसतो. पण मलाजखंडच्या खाणीत किंवा नागपूरच्या कारखान्यात पहिल्याच दिवशी पितळ उघडे पडते.

म्हणून ॲडमिशन घेताना पालकांनी एवढे तरी विचारावे : शिकवणारे सर सीआयटीएस झालेले आहेत का?