‘लैंगिक कल’ म्हणजे नेमके काय?

‘लैंगिक कल’ किंवा ‘लैंगिक अभिमुखता’ ही संज्ञा कायद्याच्या, वैद्यकाच्या आणि वृत्तपत्रांच्या मराठीत आता रुळली असली, तरी तिचा नेमका अर्थ अजून पुरेसा ध्यानात घेतला जात नाही. एखाद्या व्यक्तीला प्रेमाची आणि शरीरसुखाची ओढ सातत्याने स्त्रियांविषयी वाटते, पुरुषांविषयी वाटते, दोहोंविषयी वाटते की कोणाविषयीच वाटत नाही, एवढेच ही संज्ञा सांगते. त्या ओढीनुसार ती व्यक्ती प्रत्यक्ष वागते की नाही, हा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही. आजन्म ब्रह्मचारी राहिलेल्या माणसालाही लैंगिक कल असू शकतो, आणि घरच्यांच्या आग्रहाखातर बोहल्यावर चढलेल्या समलैंगिक पुरुषाचा कल लग्नाने बदलत नाही.

या अर्थासाठी ‘कल’ हा शब्द विशेष समर्पक आहे. भिंत कलते, दिवस कलतो, मतमोजणीच्या सकाळी कल हाती येऊ लागतात, विद्यार्थ्यांची कलचाचणी होते. या सर्व ठिकाणी कल कोणी ठरवून घेतलेला नसतो, तो असतो आणि आढळून येतो. ‘लैंगिक आवड’ किंवा ‘लैंगिक पसंती’ असे लिहिले, की निवडीची छटा आपोआप शिरते, आणि जे निवडले ते सोडूनही देता येईल, हा घराघरांत धरला जाणारा हट्ट त्या छटेवरच पोसला जातो.

कलाचा एक प्रकार दाखवणाऱ्या ‘समलिंगी’ या शब्दाची घडण मात्र अडचणीची आहे. संस्कृतात लिंग म्हणजे मुळात खूण. न्यायशास्त्रात धूर हे अग्नीचे लिंग, कारण धुरावरून अग्नीचे अनुमान होते. व्याकरणातील पुल्लिंग-स्त्रीलिंग आणि शरीराचे लिंग हे त्याच शब्दाचे पुढचे विस्तार होत. ‘समलिंगी’ म्हणजे समान लिंग असलेला, आणि समानता सांगायला दोघे लागतात. त्यामुळे ‘समलिंगी जोडपे’ हा प्रयोग निर्दोष ठरतो, पण एकट्या माणसाविषयी ‘तो समलिंगी आहे’ असे म्हटले, की ‘कोणाशी?’ हा प्रश्न शिल्लक राहतो. व्यक्तीसाठी ‘समलैंगिक’ हे रूप अधिक स्वीकारार्ह वाटते, कारण ‘लैंगिक’ या विशेषणात शरीराच्या खुणेपलीकडे ओढीचा, व्यवहाराचा अर्थ आता मुरला आहे.

याहून मोठा घोटाळा शालेय विज्ञानाच्या परिभाषेशी होतो. गांडूळ उभयलिंगी असते, कारण नर आणि मादी अशी दोन्ही प्रजननेंद्रिये त्याच्या एकाच शरीरात असतात. हा शब्द शाळेत शिकलेला वाचक ‘उभयलिंगी तरुणी’ असे वाचतो, तेव्हा त्याच्या मनात तिच्या शरीररचनेविषयी काहीतरी भलतेच उभे राहते, वास्तविक सांगायचे इतकेच असते की तिला स्त्री-पुरुष दोघांविषयीही ओढ वाटू शकते. येथे ‘उभयलैंगिक’ हे रूप कटाक्षाने वापरले पाहिजे. मराठी परिभाषेतील ही सर्वांत त्रासदायक चूक आहे, आणि ती सहज टाळता येण्याजोगी आहे.

‘होमोसेक्शुअल’ हा पाश्चात्त्य शब्दही फार जुना नाही. कार्ल-मारिया केर्टबेनी या हंगेरियन लेखकाने 1868 मधील एका पत्रात तो वापरला आणि पुढच्याच वर्षी पुरुषा-पुरुषांतील संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या प्रशियाच्या कायद्याविरुद्ध लिहिलेल्या निनावी पत्रकांतून तो छापून आणला. ग्रीक ‘समान’ आणि लॅटिन ‘लिंग’ यांची ती जोडणी होती. न्यायाच्या मागणीसाठी जन्मलेला हा शब्द लवकरच वैद्यकाने उचलला आणि रोगाचे नाव म्हणून वापरला, ही त्याची शोकांतिका होय. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 1973 मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये समलैंगिकतेला विकारांच्या यादीतून वगळले.

मराठीत या विषयावर उघडपणे लिहिण्याची किंमत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मोजली. 1927 मध्ये सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात ते वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे देत. त्यांवरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा 1934 मध्ये त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला ते हरले, पण अशा प्रश्नांना उत्तर देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, हा युक्तिवाद मागे राहिला.

भारतीय कायद्याने ‘लैंगिक कल’ ही संज्ञा पुढे अधिक काटेकोरपणे हाताळली. आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी, ही स्वतःविषयीची जाणीव म्हणजे लिंगभाव ओळख, आणि ओढ कोणाविषयी वाटते तो लैंगिक कल, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या तृतीयपंथीयांविषयीच्या निकालात स्पष्ट केला. 2017 च्या खासगीपणाच्या निकालाने लैंगिक कल हा खासगीपणाचा गाभ्याचा भाग मानला आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने प्रौढांमधील संमतीचे समलैंगिक संबंध भारतीय दंडसंहितेच्या कलम 377 च्या कक्षेतून बाहेर काढले. तरीही ‘अनैसर्गिक संबंध’ हा ब्रिटिशांच्या 1860 च्या त्या संहितेतील शब्दप्रयोग अनेकांच्या लेखणीतून अजून सुटलेला नाही. बातमी, अहवाल किंवा पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो आता सोडून द्यावा, आणि ज्या व्यक्तीविषयी लिहायचे ती स्वतःसाठी कोणता शब्द वापरते, हे आधी तिलाच विचारावे.