निरोप किती वेळ टिकला?

पीसी-१२ या पेशी मूळच्या मेंदूतल्या नाहीतच. उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीतल्या एका गाठीतून त्या आल्या आणि १९७६ मध्ये लॉइड ग्रीन आणि आर्थर टिश्लर यांनी त्यांची ओळख जगाला करून दिली. दिसायला गोल गुबगुबीत, उद्योग एकच : विभागत राहायचं. पण त्यांच्या बशीत एनजीएफ हे चेतापेशींच्या वाढीचा घटक असलेलं प्रथिन घातलं, की काही दिवसांत विभाजन थांबतं, पेशीच्या अंगातून लांब, बारीक धागे फुटतात आणि गाठीतली पेशी चक्क चेतापेशीसारखी दिसू लागते.

आता एनजीएफऐवजी ईजीएफ घाला. हाही वाढीचाच घटक. पण धागे फुटत नाहीत, पेशी विभागतच राहतात. दोन प्रथिनं, दोन परिणाम, यात कसलं नवल? नवल पुढे आहे. दोन्ही प्रथिनं पेशीच्या पडद्यावरच्या आपापल्या ग्राहीला चिकटतात, पण आत निरोप जातो तो प्रथिनांच्या एकाच साखळीतून : रास, राफ, मेक, ईआरके. हा ईआरके केंद्रकात शिरतो आणि काही मिनिटांत सी-फॉस हे जनुक जागं होतं. तेही दोन्हींमुळे!

फरक आहे तो वेळेचा. ईजीएफनं चेतवलेला ईआरके लवकर थंडावतो. एनजीएफनं चेतवलेला तासन्‌तास जागा राहतो.

पण पेशीकडे घड्याळ कुठलं? इथे मला निसर्गाच्या चातुर्याला दाद द्यावीशी वाटते. जनुक जागं झाल्यावर फॉस प्रथिन तयार व्हायला वेळ लागतो, आणि ते असतं फार नाजूक. त्याच्या जन्माच्या वेळी ईआरके जागा असला, तर तो त्याला फॉस्फेट जोडतो आणि फॉस तगतं. ईआरके आधीच थंडावलेला असेल, तर फॉसची लगेच विल्हेवाट लागते. (हे बारकावे उलगडले ते त्वचेत असतात तशा, संयोजी ऊतीच्या पेशींत.) तगलेलं फॉस जुन नावाच्या प्रथिनाशी जोडी जमवून डीएनएवर बसतं आणि पुढची जनुकं चालू-बंद करतं.

खऱ्या मेंदूत तर अंतराचाही प्रश्न येतो. हिप्पोकॅम्पसमध्ये तयार होणारं एनजीएफ चेतापेशीच्या शेंड्याला भेटतं. केंद्रक मात्र दूर, मेंदूच्या तळाशी. मग एनजीएफ आणि त्याचा ग्राही दोघंही एका इवल्या पिशवीत बसून अक्षतंतूतून, म्हणजे पेशीच्या लांब धाग्यातून, केंद्रकाकडे निघतात, आणि वाटेतही ग्राही निरोप देतच राहतो. पायाच्या अंगठ्याकडून कण्याकडे जाणाऱ्या चेतापेशीत हीच वाट जवळजवळ मीटरभर लांब असते. पिशवीला ती कापायला काही दिवस लागतात.